भिंतीला ओल आलीय? रंगारी बोलावण्याआधी हे करा

आमची इमारत डोंबिवलीतली, नव्वदच्या दशकात बांधलेली. अशा इमारतीत जुलै लागला की प्रत्येक घरात कोणीतरी भिंतीवरून हात फिरवत असतं. कपाटामागून कुबट वास येतो, रंगाला फुगे धरतात, पोपडे सुटतात आणि मग ठरतं, "एकदा रंग काढला की होईल." रंग होतो. पुढच्या पावसात डाग त्याच जागी परत.

याचं कारण माणसं बोलावण्याच्या क्रमात आहे. आधी रंगारी येतो, मग वॉटरप्रूफिंगवाला, आणि दोघांचे पैसे देऊन झाल्यावर प्लंबर. पाणी नक्की कुठून येतंय हे तोवर कोणी बघितलेलंच नसतं. हे बघायचं बरंचसं काम घरच्या घरी, जवळपास फुकटात होतं. पहिलं घर घेतलेल्यांनी आणि जुन्या इमारतीत पहिलाच पावसाळा काढणाऱ्यांनी या क्रमाने जावं.

१. आधी वीज आणि छत

डाग स्विचबोर्डजवळ, प्लगजवळ किंवा पंख्याच्या हुकाभोवती असेल तर त्या लाइनचा एमसीबी खाली करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाऊस लागला की आरसीसीबी (वीज कुठे गळत असली की आपोआप खाली पडणारा खटका) ट्रिप होतो आणि चार दिवस ऊन पडलं की टिकतो, असं होत असेल तर वायरिंगच्या नळीत पाणी शिरल्याची दाट शक्यता आहे. दर वेळी खटका वर ढकलून दिवस काढू नका.

छताला ओल असेल तर बाजूला उभं राहून लांब काठीच्या टोकाने हलकेच ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. तांबूस रेघा दिसत असतील किंवा सळई उघडी पडली असेल तर प्रकरण रंगाच्या पलीकडे गेलंय. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. खालचा पलंग आजच हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गंजलेली सळई साफ न करता वरून गिलावा थापणारा गवंडी नको.

२. जवळ काय ठेवायचं

- पेन्सिल, मोजपट्टी आणि तारीख दाखवणारा मोबाइलचा कॅमेरा
- स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिक, आणि चांगली चिकटणारी टेप
- बॅटरी
- नहाणीच्या जाळीत कोंबायला जुनी चिंधी आणि प्लास्टिकची पिशवी
- चिमूटभर खायचा रंग
- पातळ तार किंवा खराट्याची काडी
- सोसायटीचा प्लंबिंगचा नकाशा मिळाला तर उत्तम, पण जुन्या इमारतीत त्यावर भिस्त ठेवू नका

ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. घेतलं तर एकाच भिंतीवरच्या दोन जागांची तुलना करायला वापरा. भिंतीत क्षार असतील तर त्याचा आकडा उगाच फुगतो.

३. ओल कधी वाढते ते लिहा

डाग कुठे आहे हे सगळे बघतात. मला विचाराल तर अर्धं उत्तर "कधी" मध्ये असतं. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख घाला आणि फोटो काढा. दोन-तीन आठवडे हे करत राहा आणि त्या दिवशी काय झालं तेही लिहा: पाऊस किती होता, वारा कुठून होता, वरच्यांचं मशीन चाललं होतं का, घर बंद होतं का.

पाऊस सुरू झाल्यावर काही तासांत डाग वाढला तर पाणी बाहेरून येतंय: खिडकी, बाहेरची भिंत किंवा गच्ची. पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनी वाढला तर ते कुठेतरी साठून हळूहळू झिरपतंय, बहुधा गच्चीच्या कोब्यात, म्हणजे स्लॅबवर पाणी अडवायला घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थरात. बाराही महिने सारखाच राहिला तर नळाची लाइन संशयित. सकाळी आंघोळी झाल्यावर वाढून दुपारी फिका पडला तर बाथरूमची फरशी किंवा सांडपाण्याचा पाइप. आणि गावाला जाऊन आल्यावर डाग सुकलेला दिसला तर पाणी तुमच्याच वापरातलं आहे, वरच्यांच्या दारावर जाऊ नका.

वाऱ्याची नोंद करायला सांगितली कारण आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत त्याचा मार खाते. त्या बाजूला खिडकी नसलेली डेड वॉल असेल तर चार तास झोडपणारा पाऊस तिला आतपर्यंत भिजवायला पुरतो.

४. डागाची जागा आणि आकार वाचा

खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशीसारखे उतरणारे डाग खिडकीचेच असतात. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथला डाग वरच्या मजल्यावर गच्चीचा आणि मधल्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीतल्या भेगेचा असण्याची शक्यता जास्त. छताच्या मधोमध गोल डाग असेल तर वर काय आहे ते बघा. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत चढलेली आणि वरच्या कडेला पांढरी भुकटी सोडणारी ओल ही तळमजल्याची, मातीतून वर चढणारी. तिसऱ्या मजल्यावर कोणी "जमिनीची ओल आहे" म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तिथे खालून ओल येत असेल तर ती फरशीखालच्या पाइपची किंवा पलीकडच्या बाथरूमची.

काळे ठिपके कपाटामागे, पडद्यामागे किंवा खोलीच्या कोपऱ्यात असतील आणि रंग फुगलेला नसेल तर ती हवेतली वाफ आहे. गटारासारखा वास येत असेल तर सांडपाणी.

एक सापळा इथे आहे. पाणी जिथे शिरतं तिथेच ते दिसेल असं नाही. स्लॅबवरून, वायरिंगच्या नळीतून ते काही फूट आडवं जातं आणि जिथे फट मिळेल तिथे उतरतं. हॉलमधल्या पंख्याच्या हुकातून पडणारा थेंब पलीकडच्या बाथरूममधून आलेला असू शकतो. म्हणून डागाच्या बरोबर वरची जागा फोडायला परवानगी देऊ नका. आधी चाचण्या.

(घर विकत घ्यायला बघत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. आणि चारपैकी एकाच भिंतीला ताजा रंग किंवा नवीन पीव्हीसी पॅनल दिसलं तर त्यामागे काय आहे ते विचारा.)

५. घरच्या घरी चाचण्या

फॉइलची चाचणी. ओल्या जागेवर भिंत फडक्याने कोरडी पुसा, फूटभर चौरस फॉइल लावा आणि चारही कडा टेपने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूला थेंब जमले असतील तर ती हवेतली वाफ. फॉइल काढल्यावर मागे, भिंतीच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे असेल तर दोन्ही कारणं आहेत, आणि पावसाळ्यात असं खूपदा होतं.

नळाच्या लाइनची चाचणी. स्वतंत्र मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहा आणि सकाळी परत बघा. जुन्या सोसायट्यांत मीटर एकच असतो. तिथे गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवून डाग थांबतो का ते बघा. शंका उरलीच तर प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या: नळांची तोंडं बंद करून हातपंपाने लाइनमध्ये दाब भरतात आणि काटा खाली येतो का बघतात. काटा स्थिर राहिला तर लाइन निर्दोष, टाइल्स फोडायची गरज नाही.

बाथरूमची चाचणी. ही सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत घाईत उरकली जाणारी. "पाणी टाकून बघितलं, गळतंय" एवढ्याने काही कळत नाही. बाथरूममध्ये गळायच्या तीन वेगळ्या जागा आहेत आणि तीन वेगळ्या दिवशी त्या तपासाव्या लागतात. पहिल्या दिवशी फरशी कोरडी ठेवून फक्त जाळीत तीन-चार बादल्या ओता. खाली ओल आली तर ट्रॅप (जाळीखालचं, वास अडवणारं भांडं) किंवा त्याचा पाइप. काही आलं नाही तर पुढच्या वेळी पिशवीत गुंडाळलेली चिंधी जाळीत कोंबा आणि फरशीवर इंचभर पाणी उभं करा. पातळीला पेन्सिलची खूण करा आणि चोवीस तास तसंच ठेवा. चिमूटभर रंग टाकला तर खालचं पाणी हेच का ते लगेच समजतं. पांढऱ्या सांध्यांवर त्याची छटा काही दिवस राहते, बाथरूम दुसऱ्यांचं असेल तर हे त्यांना आधी सांगा. यातही काही निघालं नाही तर जाळी उघडी ठेवून नुसत्या भिंतीवर शॉवर मारा. भिंतीच्या टाइल्सचे सांधे आणि नळाच्या तोंडाभोवतीची फट अशीच सापडते.

वरच्या घरात ही चाचणी करायची तर बोलण्याची सुरुवात महत्त्वाची. "काका, तुमच्या बाथरूममुळे आमचं छत गेलं" म्हटलं की दार बंद होतं. "काका, छताला ओल आलीय. तुमच्याकडे एकदा रंगाचं पाणी टाकून बघूया का? डक्टमधला पाइप निघाला तर तुमची-आमची दोघांचीही सुटका" असं म्हटलं तर काका स्वतःच बादली भरून देतात. आणि डक्टमधला, म्हणजे पाइप उतरवायला सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतला पाइप खूपदा खरोखरच निघतो. बिडाच्या जुन्या पाइपांचे सांधे सुटलेले असतात, कधी त्यात पिंपळाचं रोप रुजलेलं असतं.

बाहेरच्या भिंतीची चाचणी पावसाळ्यानंतर करा, कोरड्या दिवसांत. पाइपने पाणी मारायचं ते खालून वर, एका जागी पंधरा-वीस मिनिटं, आणि घरात एकाने लक्ष ठेवायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि नेमकी फट हाती लागत नाही. खिडकीबाहेर लटकून हे करू नका. गच्चीवरून जमत नसेल तर दोरीवर काम करणाऱ्या, सेफ्टी बेल्ट घालणाऱ्या माणसांना द्या.

६. कारण सापडलं, आता दुरुस्ती

खिडकी. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात. धुळीने ती बुजली की ट्रॅक तुंबतो आणि पाणी आत उलटतं. खराट्याच्या काडीने ती मोकळी करा, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातंय का बघा. अनेक घरांचा प्रश्न इथेच मिटतो. फ्रेम आणि भिंतीमधली फट बाहेरून, कोरड्या दिवशी सिलिकॉनने भरा. पण कारागीर उत्साहाच्या भरात ती भोकंही बुजवतो, समोर उभे राहा. खालच्या दगडी पट्टीला उतार बाहेरच्या बाजूला हवा. एसीच्या पाइपचं भोकही बाहेर उतरतं असावं. ग्रिलमधल्या कुंड्या पावसाळ्यापुरत्या तरी हलवा.

बाहेरची भिंत. विटांची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम जिथे मिळतात तिथे उभी भेग पडते, कारण दोघं वेगवेगळ्या प्रमाणात तापतात आणि आकसतात. ती भेग नुसती रंगवून बुजत नाही. ती कोरून रुंद करून, पॉलिमर मॉर्टरने भरून, जाळी लावून गिलावा करावा लागतो. त्यावर लवचिक बाह्यरंग. पिंपळ नुसता छाटू नका. मूळ शिल्लक राहिलं तर पुढच्या वर्षी दुप्पट येतो. गिलावा फोडून मुळासकट काढा. भेग तिरकी असेल आणि वाढत असेल तर इंजिनिअर.

बाथरूम. सांध्यांतूनच गळत असेल तर जुनं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणं पुरतं, फरशी फोडावी लागत नाही. ट्रॅप निघाला तर त्याच्याभोवतीची फरशी फोडून तो स्लॅबशी नव्याने बसवावा लागतो. जुन्या बांधकामात संडास-बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. ते तुकडे चहात बुडवलेल्या खारीसारखे पाणी धरून बसतात, म्हणून दुरुस्ती चोख झाली तरी खाली काही आठवडे थेंब पडू शकतो. लगेच प्लंबरशी भांडू नका, डाग पेन्सिलच्या रेघेच्या आत आकसतोय का ते बघा.

गच्ची. आधी पावसाच्या पाइपांची तोंडं बघा. पालापाचोळ्याने तुंबलेली असली तर पाणी साठून राहतं आणि चांगला कोबाही हार मानतो. मग कठड्याच्या पायथ्याची गोलाई बघा, गवंडी तिला वाटा म्हणतात. तिथेच पहिली भेग पडते. विटांच्या कोब्याला साधारण शंभरास एक उतार लागतो. गच्ची दोन-तीन दिवस पाण्याखाली ठेवून बघितल्याशिवाय काम पूर्ण झालं असं लिहून देऊ नका. जुना कोबा न काढता त्यावरच नवा घालायचा सल्ला बरेच जण देतात, स्वस्त पडतो म्हणून. चार इंची कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. जुन्या स्लॅबवर ते दोनदा चढवायचं का हे इंजिनिअरने ठरवावं, कंत्राटदाराने नाही. पत्र्याची शेड टाकायची असेल तर आधी महापालिकेची परवानगी.

तळमजला. बाहेर जाऊन जोतं (इमारतीचा जमिनीवर दिसणारा चौथरा) बघा. रस्ता किंवा अंगणाची फरशी वर्षानुवर्षं वर येत जाते, जोतं बुडतं आणि माती थेट भिंतीला टेकते. ती माती खाली घेणं, भिंतीपासून लांब उताराचं गटार करणं हे पहिलं काम. भिंतीत ओळीने भोकं पाडून रसायन भरायचा उपाय त्यानंतरचा. कोकणातल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरांना आतून-बाहेरून सिमेंट थापू नका. चिरा पाणी पितो आणि सोडतोही. सिमेंटने त्याचा श्वास बंद केला की ओल आणखी वर चढते. तिथे चुन्याचा गिलावाच बरा.

हवेतली वाफ. एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवा, कपडे बंद खोलीत वाळत घालू नका. बाहेर धो धो पाऊस असताना खिडक्या उघडून खोली सुकत नाही, तेव्हा एसीचा ड्राय मोड किंवा पंखा कामाला येतो. उघडीप मिळाली की सगळं उघडा.

७. खर्च कोणाचा, कागद कोणते

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (सोसायटी चालवायच्या नमुना नियमांत) हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि ड्रेनेज यांतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या छताचं प्लास्टर गेलं तर तेही सोसायटीच्याच. संडास, सिंक वगैरे घरातल्या गळतीचा खर्च त्या त्या सदनिकाधारकाचा, आणि त्यात सोसायटीने मध्यस्थी करायची असते. "गच्चीचा खर्च वरच्या मजल्यावाल्यांनीच करावा" हे सभेत कोणीतरी म्हणतंच. त्याला काही आधार नाही. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर दुरुस्ती निधीचं विचारा. तो सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के या दराने जमा व्हायला हवा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायचं असतं, तो अहवालही मागा.

सोसायटीला द्यायचं ते:

- तारखेसह फोटो आणि तुमची नोंदवही
- चाचणीत काय दिसलं याचं अर्ध्या पानाचं टिपण. वरचे शेजारी हजर असतील तर त्यांची सही
- सेक्रेटरींच्या नावाने लेखी अर्ज, आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारलेली पोचपावती
- शक्य असेल तर दोन कंत्राटदारांची दरपत्रकं

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे अर्ज नव्हे. भाड्याने राहत असाल तर हे सगळं घरमालकाला लेखी कळवा, नाहीतर घर सोडताना तो डाग तुमच्या डिपॉझिटमधून कापला जातो.

८. कंत्राटदाराशी बोलताना

पाणी कुठून येतं हे न बघताच "सर, केमिकल मारून देतो, दहा वर्षं गॅरंटी" म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: गॅरंटी मालाची की कामाची? मालाची असेल तर डबा चांगला होता एवढंच सिद्ध होतं. ओल परत आली तर तपासायला कोण येणार, फोडलेली फरशी कोण बसवणार, हे दरपत्रकात लिहून घ्या. पूर्ण पैसे आधी देऊ नका. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर, ही अट घालून बघा. सगळे मानत नाहीत, पण जो मानतो त्याला काम द्या.

आतून डॅम्पप्रूफ रंग, वॉलपेपर, पॅनल, पीओपी हे सगळे पडदे आहेत. पाणी मागून येतच राहतं आणि थोडं बाजूला सरकून नव्या जागी बाहेर पडतं.

९. सुकू द्या, मगच रंग

पोपडे आणि फुगलेला गिलावा डागाच्या फूटभर पलीकडेपर्यंत खरवडून काढा. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. विरघळून ती परत भिंतीत जाते. क्षार मुरलेला गिलावा तसाच ठेवला तर गळती थांबल्यावरही तो हवेतला दमटपणा ओढून पावसाळ्यात ओला दिसतो. नव्या इमारतींत आतून जिप्समचं प्लास्टर असतं. ते एकदा भिजून भुसभुशीत झालं की वाचत नाही, काढूनच टाका.

बुरशी काढताना मास्क आणि हातमोजे घाला, ओल्या फडक्याने पुसा, कोरडी खरडू नका. ब्लीच वापरत असाल तर त्यात अॅसिड, व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लिनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

भिंत सुकायला ढोबळमानाने जाडीच्या एका इंचाला एक महिना लागतो, तोही हवा कोरडी असेल तर. नऊ इंची भिंतीला पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा लागला तर नवल नाही. पुट्टी लावण्याआधी फॉइलची चाचणी परत करा. मागे ओल दिसली तर रंगाऱ्याला पुढची तारीख द्या. गुढीपाडव्यानंतर दिलेला रंग सहसा टिकतो, तेव्हा भिंत कोरडी असते. रंग झाल्यावर कपाटं बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच सरकवून लावा. भिंतीतच बसवलेलं कपाट असेल तर सुताराला सांगून मागच्या प्लायला वर आणि खाली दोन जाळ्या बसवून घ्या.